जिवलग मैत्रिणीचे गावातील घरचे लग्न: आम्ही जुन्या मित्रमंडळींनी कसे जावे, कुठे उतरावे, काय करावे?

सुरंगी (धागाकर्ती)

माझ्या जिवलग मैत्रिणीचे लग्न मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ठरले आहे. मुंबईत किंवा कणकवलीत सभागृह न घेता मालवण तालुक्यात आचऱ्याजवळच्या तिच्या गावी, घरासमोरच्या खळ्यात मांडव घालून लग्न लावायचे, असा तिचा आग्रह आहे आणि तिच्या वडिलांनी तो आनंदाने मान्य केला आहे. रत्नागिरीला महाविद्यालयात शिकत असताना आम्ही दोघी वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहत होतो. सुट्टीच्या दिवशी ती माझ्याबरोबर आमच्या घरी चिपळूणला येई. माझ्या आईने तिला पोटच्या मुलीसारखे जेवूखाऊ घातले आहे, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असूनही आई या लग्नाला येणारच आहे. त्याशिवाय माझे यजमान, सात वर्षांची मुलगी आणि त्या काळातले आमचे मित्र-मैत्रिणी आपापल्या कुटुंबांसह, असे आम्ही सगळे मिळून वीसेक जण होतो.

आमच्या गटात आता दोन मते पडली आहेत. काहींचे म्हणणे असे की, इतक्या वर्षांनी सगळे एकत्र येत आहोत, तर तारकर्लीला खोल्या घ्याव्यात, मुलांना समुद्र दाखवावा, स्कूबा डायव्हिंग करावे आणि मुहूर्ताच्या दिवशी सकाळी गाडीने जाऊन अक्षता टाकून, जेवून परत यावे. मला हे मनापासून पटत नाही. ज्या मैत्रिणीने आम्हा सगळ्यांच्या लग्नांत आदल्या रात्रीपर्यंत फुले ओवली आणि सामानाच्या पिशव्या वाहिल्या, तिच्या लग्नाला आम्ही आमंत्रण आले म्हणून आलेल्या लोकांसारखे जावे, हे मला सहन होणार नाही. मात्र वीस माणसांनी एका घरावर जाऊन पडणे हेही योग्य नव्हे, याची मला पूर्ण जाणीव आहे.

आणखी एक गोष्ट आहे. मैत्रिणीला सख्खी बहीण नाही आणि तिने मला पाठराखीण म्हणून सासरी येण्याची विनंती केली आहे. सासर कुडाळच्या बाजूला आहे. मी हो म्हटले आहे, पण पाठराखिणीने नेमके काय करायचे असते, हे मला कोणाला तरी विचारायचे आहे. ज्यांनी गावातली घरची लग्ने जवळून पाहिली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पाणंद

सुरंगीताई, मी मालवण तालुक्यातलाच आहे आणि आमच्या वाडीत दरवर्षी मे महिन्यात घरची लग्ने होतात. आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे पाण्यावर अवलंबून आहे, असे मी सांगेन. मेमध्ये आमच्याकडच्या विहिरींचे पाणी तळाला गेलेले असते. लग्नघरात आचाऱ्याला पाणी लागते, पंगतीला पाणी लागते, हात धुवायला पिंपे भरून ठेवावी लागतात, आणि हे सगळे भागवून मग माणसांच्या आंघोळी. बरेच जण टँकर मागवतात, पण जांभ्याच्या गडग्यांमधल्या, म्हणजे दगडी कुंपणांमधल्या, अरुंद वाटेने टँकर प्रत्येक घरापर्यंत पोहोचतोच असे नाही. त्यामुळे वीस माणसे त्या एका घरात उतरवू नयेत, हे पहिले.

दुसरे असे की, पाहुण्यांची सोय ही आमच्याकडे वाडीची जबाबदारी असते. एरवी कुलूप असलेली घरे मेमध्ये चाकरमानी आल्यामुळे उघडतात, आणि लग्नघरचे पाहुणे शेजारच्या चार घरांत वाटून दिले जातात. ओटीवर, पडवीत सतरंज्या घातल्या की पुरुषमंडळी झोपतात, बायका-मुले आत. मात्र हे वाटप करण्यासाठी यजमानांना नक्की आकडा महिनाभर आधी कळायला हवा. "आम्ही कदाचित येऊ" असे सांगणाऱ्या पाहुण्याचा त्रास सर्वांत जास्त होतो, कारण त्याच्यासाठी जागा धरून ठेवावी लागते.

तारकर्लीबद्दल सांगायचे तर आचऱ्याहून मालवण ओलांडून तिकडे जायचे, परत यायचे, यात दिवसातला चांगला वेळ जातो. मेमध्ये मालवणच्या रस्त्यांवर पर्यटकांच्या गाड्यांची गर्दी असते. मुहूर्त सकाळचा असेल तर तारकर्लीहून निघून वेळेवर पोहोचण्याची खात्री मी तरी देणार नाही.

वळीव

मी थोडी वेगळी बाजू मांडतो. सुरंगी यांची तळमळ मला समजते, पण ज्यांना तारकर्लीला उतरायचे आहे त्यांना मैत्रिणीबद्दल प्रेम कमी आहे, असे कृपया समजू नये. मित्राच्या लग्नात आपण स्वतः रमतो, जुन्या आठवणी निघतात, रात्र अपुरी पडते. मात्र आपल्याबरोबर आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोला त्या घरातले कोणीही ओळखत नसते. आपण कामात असताना ती व्यक्ती अनोळखी ओटीवर, अनोळखी माणसांत, रडणारे मूल सांभाळत उकाड्यात बसलेली असते. असे दोन दिवस काढलेल्या माणसाच्या मनात त्या लग्नाची आठवण गोड राहत नाही, आणि पुढे आपल्या मैत्रीकडेही ती व्यक्ती परकेपणाने पाहू लागते. हे मी माझ्या घरात अनुभवले आहे.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, कुटुंबांसाठी गावाजवळच, म्हणजे आचरा किंवा तोंडवळीच्या बाजूला, निवास-न्याहारीची घरे पाहावीत. तोंडवळीचा किनारा शांत आहे, मुलांना तिथे वाळूत मनसोक्त खेळता येते आणि लग्नघर हाकेच्या अंतरावर राहते. ज्यांना लग्नघरी राबायचे आहे त्यांनी तिकडे राहावे, बाकीच्यांनी सकाळ-संध्याकाळ ये-जा करावी. स्कूबा डायव्हिंग ज्यांना करायचे आहे त्यांनी ते लग्नानंतर, पाठवणी झाल्यावर वेगळा दिवस काढून करावे. मेच्या अखेरच्या आठवड्यात जलक्रीडा पावसाळ्यासाठी बंद होतात, पण आपली तारीख त्याच्या बरीच आधीची आहे.

सुरंगी (धागाकर्ती)

वळीव, आपण जे कुटुंबीयांबद्दल लिहिले त्याचा मी खरोखरच पुरेसा विचार केला नव्हता. माझे यजमान मितभाषी आहेत आणि मी पाठराखीण म्हणून कुडाळला गेले की मुलगी आणि आई दोघींची जबाबदारी त्यांच्यावर येणार आहे. तोंडवळीची सूचना मी आजच गटात मांडते. पाणंद, आपला पाण्याचा मुद्दा मी मैत्रिणीला न विचारता तिच्या काकूंना विचारला. त्यांनी अगदी मोकळेपणाने सांगितले की, सात-आठ माणसांची सोय शेजारी सहज होईल, त्याहून अधिक झाली तर त्यांना ओढाताण होईल.

तिठा

प्रवासाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून या काळात अधिक ज्येष्ठ मास आहे. त्यामुळे मेमध्ये करायची लग्ने पहिल्या पंधरवड्यातच दाटली आहेत, आणि सुट्टीला गावी जाणाऱ्यांची गर्दी याच दिवसांतली. कोकण रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती आणि बऱ्याच जणांच्या मनात अजून तीच आहे. आपले आरक्षण मार्चमध्ये सकाळी आठ वाजता उघडेल. आरक्षण उघडण्याच्या पहिल्या दिवशी ऑनलाइन तिकीट केवळ आधार प्रमाणित केलेल्या खात्यांना काढता येते, तेव्हा ते प्रमाणीकरण आधीच करून ठेवावे. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, म्हणून वीस जणांसाठी चार वेगवेगळ्या माणसांनी एकाच वेळी प्रयत्न करावा. एकट्याने बसून सगळी तिकिटे काढायला गेले की दुसऱ्या तिकिटापर्यंत प्रतीक्षा यादी सुरू झालेली असते.

उतरायचे कणकवलीला. तिथून आचऱ्याचा रस्ता साधारण तासाभराचा आहे. मुंबईच्या मंडळींना पहाटेची जनशताब्दी, सकाळची मांडवी, रात्रीची कोकणकन्या आणि दादरहून तुतारी असे पर्याय आहेत. तुतारीबाबत एक काळजी घ्यावी. ती मध्यरात्र उलटताच सुटते, म्हणजे शुक्रवारी रात्री जेवून निघणाऱ्याचे तिकीट शनिवारच्या तारखेचे असायला हवे. दादरच्या फलाटावर आदल्या दिवसाचे तिकीट घेऊन उभी असलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि लग्नाला निघालेल्या माणसाला ते फार जिव्हारी लागते.

सगळे एकाच गाडीने येणार असाल तर कणकवलीहून पुढे एसटीची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे आपल्यापुरती भाड्याने, मिळू शकते. आगारात आधी जाऊन अर्ज करावा लागतो व अनामत भरावी लागते. लग्नसराईत गाड्यांना मागणी असते, त्यामुळे हेही काम एप्रिलच्या सुरुवातीलाच करावे.

बकुळी

माझे लग्न अशाच एका घरी, गुहागर तालुक्यात, खळ्यातल्या मांडवात झाले, म्हणून नवरीच्या बाजूने काही सांगावेसे वाटते.

लग्नाच्या दिवशी नवरीला मैत्रिणी दिसतात, पण भेटत नाहीत. पहाटेपासून तिला कोणी ना कोणी कुठे तरी बसवत असते: पुण्याहवाचनाला, गौरीहरापुढे, अंतरपाटामागे, होमापुढे. मध्येच कोणी मुंडावळ्या सारख्या करते, कोणी ओटी भरते, आणि शंभर माणसे पाया पडून घेण्यासाठी येतात. मैत्रीण समोरून हसते, हात हलवते, तेवढेच. त्यामुळे तिच्याबरोबर खरोखर वेळ घालवायचा असेल, तर चुडा भरण्याच्या दिवशी पोहोचणे सर्वांत महत्त्वाचे. कासार घरी येतो, माजघरात सतरंजी पसरली जाते, नवरीच्या हातात हिरवा चुडा भरला जातो आणि मग घरातल्या प्रत्येक बाईला, शेजारणींना, मुलींनाही बांगड्या भरल्या जातात. कासार हाताची बोटे दाबून, अंगठा आत दुमडून बांगडी चढवतो तेव्हा नवरीचे डोळे पाण्याने भरतात, आणि ते केवळ हात दुखल्यामुळे नसते. माझ्या मैत्रिणी त्या वेळी माझ्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. लग्नाच्या छायाचित्रांत त्या फारशा नाहीत, पण माझ्या आठवणीत आजही त्याच पुढे आहेत.

दुसरा वेळ हळदीच्या रात्रीचा. जेवणे उरकली, आचाऱ्यांची भांडी घासून झाली, मोठी माणसे झोपली की सारवलेल्या खळ्यात चटई टाकून बसता येते. त्या वेळी कोणीही नवरीला लवकर झोप म्हणून सांगू नये. झोप नंतर पुष्कळ मिळते.

आपल्या आईंसाठीही लिहिते. घरच्या पंगती आता बहुतेक ठिकाणी टेबल-खुर्चीवर बसतात, पण शौचालय मांडवापासून लांब, परसात असण्याची शक्यता आहे. घडीची कमोड खुर्ची बरोबर न्यावी, त्यात संकोच करू नये. दुपारच्या वेळी मांडवाखाली हवा अजिबात हलत नाही, म्हणून आईंना अक्षता झाल्या की आत माजघरात, मातीच्या गारव्यात आडवे व्हायला जागा आधीच सांगून ठेवावी. रेशमी साडी मुहूर्तापुरती नेसावी आणि लगेच सुती साडी नेसावी. मेच्या दमटपणात जरीचे वस्त्र दिवसभर अंगावर ठेवणे वयस्कर माणसाला झेपत नाही.

माजघर

सुरंगी, पाठराखिणीबद्दल मी लिहिते. मी स्वतः दोन बहिणींची आणि एका भाचीची पाठराखीण होऊन गेले आहे.

पूर्वी मुली लहान वयात सासरी जात, तिथे त्यांचे म्हणावे असे कोणी नसे, म्हणून एखादी आत्या, मावशी किंवा धाकटी बहीण पहिले एक-दोन दिवस सोबत राही. आता मुली जाणत्या असतात, नवऱ्याला आधीपासून ओळखत असतात, तरी पहिल्या दिवशी सासरच्या घरात गोंधळायला होतेच. तुमचे पहिले काम म्हणजे नवरीच्या पोटात काहीतरी गेले आहे ना, हे पाहणे. लग्नाच्या दिवशी ती पंगतीत नवऱ्याशेजारी बसते, घास भरवणे होते, नाव घेणे होते, छायाचित्रे होतात, आणि पानातले अन्न तसेच राहते. मग वरात, प्रवास, दारात माप ओलांडणे, लक्ष्मीपूजन, देवाला आणि वडीलधाऱ्यांना नमस्कार. या सगळ्यात रात्रीचे दहा वाजतात. तुमच्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, केळी, पाण्याची बाटली आणि साखर-मीठ घातलेले सरबत असावे. तिची नेहमीची औषधे, डोकेदुखीची गोळी, सुरक्षापिना, कंगवा, साधी चप्पल, अंगावर घालायचा सुती कपडा आणि मासिक पाळीसाठी लागणारे सामान हे सगळे तिच्या मोठ्या बॅगेत न ठेवता तुमच्या हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा कोणत्या गाडीत गेल्या हे त्या वेळी कोणालाच माहीत नसते.

दुसरे काम असे की, सासरच्या घरातली एखादी समवयस्क बाई, जाऊ किंवा नणंद, हेरून तिच्याशी ओळख करून घ्यावी. न्हाणीघर कुठे आहे, गरम पाणी किती वाजता मिळते, सकाळी किती वाजता उठणे अपेक्षित आहे, सत्यनारायणाच्या पूजेला कोणते लुगडे नेसायचे, या गोष्टी नवरी स्वतः विचारू शकत नाही. तुम्ही विचारा आणि तिच्या कानात सांगा. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे: तुम्ही तिथे तिची बाजू घेण्यासाठी गेलेल्या नसता. एखादी गोष्ट तुम्हाला खटकली तरी तिच्यासमोर नाक मुरडू नका, आणि परत आल्यावर तिच्या आईला वाढवून सांगू नका. आईने "कशी आहेत माणसे?" असे विचारले की, चांगले जे दिसले ते मनापासून सांगा. मुलीला ज्या घरात नांदायचे आहे, त्या घराबद्दल पहिली बातमी तुमच्या तोंडून जाणार आहे, हे लक्षात असू द्या.

विवाहित, मुलाबाळांची बाई पाठराखीण म्हणून गेली तर चालते का, अशी शंका आपल्या मनात असेल तर ती काढून टाका. उलट अशी बाई अधिक उपयोगी पडते. फक्त सत्यनारायण झाला की पाचपरतावणाची, म्हणजे नवरीच्या पहिल्यांदा माहेरी परतण्याची, वाट पाहत न बसता निघावे. जास्त राहिले तर त्या घरावर पाहुणचाराचा भार पडतो.

सुरंगी (धागाकर्ती)

माजघर, आपल्याला मनापासून नमस्कार करते. हे सगळे मी वहीत उतरवून घेतले. तिच्या आईला काय सांगायचे, याबद्दल आपण जे लिहिलेत ते मला कोणीच सांगितले नसते.

आणखी एक विचारते. आमच्या गटाला एक मंगलाष्टक स्वतः रचून म्हणायचे आहे. तसे करणे योग्य दिसेल का?

गणमात्रा

अवश्य करावे, पण एकच करावे, आणि ज्या भटजींना सांगितले असेल त्यांना आधी विचारून करावे. मंगलाष्टकांची लांबी मुहूर्ताच्या घटकेशी बांधलेली असते. मुहूर्त जवळ आला असताना पाच हौशी गायक रांगेत उभे राहिले की भटजींची पंचाईत होते.

मंगलाष्टके बहुधा शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. प्रत्येक चरणात १९ अक्षरे, म-स-ज-स-त-त-ग असे गण, आणि बाराव्या अक्षरावर यती. आजकाल अनेक घरगुती मंगलाष्टकांत यमक जुळवलेले असते पण वृत्त मोडलेले असते, आणि मग म्हणणाऱ्याला एखादा शब्द कोंबावा लागतो किंवा ओढावा लागतो. त्या चालीची सवय सगळ्यांच्या कानांना असल्यामुळे मांडवातल्या प्रत्येकाला ते लगेच जाणवते. उदाहरणादाखल, आचऱ्याचा ग्रामदेव रामेश्वर मनात धरून मी एक चरण करून देतो:

रामेशा नमुनी तुझ्या चरणि या जोडीस आशीष दे

इथे 'चरणी'चे वृत्तासाठी 'चरणि' असे ऱ्हस्व केले आहे. तेवढी मोकळीक चालते. 'या' वर बारा अक्षरे पूर्ण होऊन क्षणभर थांबायचे, पुढची सात एका दमात म्हणायची. उरलेल्या तीन चरणांपैकी दोनांत दोघांची नावे आणि आपल्या वसतिगृहाची आठवण आणता येईल, आणि अखेरच्या चरणाचा शेवट 'कुर्यात् सदा मंगलम्' असा करावा. ही सात अक्षरे वृत्तात आयतीच बसतात. मित्रमंडळींपैकी ज्याचा आवाज खणखणीत आहे त्यानेच म्हणावे, ध्वनिवर्धकावर अवलंबून राहू नये, कारण गावात ऐन मुहूर्ताला वीज जाऊ शकते.

पाणंद

गणमात्रा यांनी रामेश्वराचा उल्लेख केला म्हणून सांगतो. आचरे गावात शुभकार्य रामेश्वराला विचारल्याशिवाय उभे राहत नाही. पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात, आणि घरी कार्याला हात लावण्याआधी गाऱ्हाणे घालतात. घरातला किंवा वाडीतला जाणता माणूस देवाला सगळ्यांच्या वतीने विनवतो आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेले सर्व जण "होय म्हाराजा" म्हणतात. आपल्यापैकी जे आधी पोहोचतील त्यांनी त्या वेळी मागे न उभे राहता पुढे यावे आणि मोठ्याने "होय म्हाराजा" म्हणावे. त्या घराला आपण त्यांच्यातले आहात हे तेवढ्यानेही कळते.

कामाचे म्हणाल तर पुरुषांनी पंगत वाढण्याची जबाबदारी मागून घ्यावी. वाढप्यांची माणसे आचारी आणतो, पण तिसऱ्या पंगतीपर्यंत ती थकतात, आणि नेमकी तिसऱ्या पंगतीला वाडीतली राबलेली माणसे बसलेली असतात. त्यांच्या पानात काजूची उसळ तळाची आणि सोलकढी पाणी घातलेली जाता कामा नये. ती पंगत तुम्ही वाढा, आग्रह करून वाढा. वधूपित्याला याहून मोठा आधार दुसरा नाही.

एक विनंती मात्र कळकळीने करतो. हळदीच्या दिवशी दुपारी किंवा लग्न लागल्यावर तरुण मंडळी घोळक्याने समुद्रावर जातात, उत्साहात पाण्यात उतरतात, आणि कित्येकदा कोणी तरी मद्य घेतलेले असते. आमचा किनारा दिसायला सौम्य आहे, पण ओहोटीच्या वेळी आत ओढणारे प्रवाह असतात आणि वाळूत अचानक खोल भाग लागतो. २०१७ च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या आठ विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. ते दृश्य पाहिलेले मच्छीमार अजून गावात आहेत. स्थानिक माणसाला बरोबर घेतल्याशिवाय, त्याला भरती-ओहोटी विचारल्याशिवाय आणि मुलांना धरून ठेवणारा एकेक मोठा माणूस नेमल्याशिवाय पाण्यात उतरू नका. लग्नघरावर असे संकट आले तर त्या नवरीने आयुष्यभर काय करायचे?

वळीव

पाणंद यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्या गटात असे काही ठरत असले की मी हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवीन.

आहेराबद्दल माझा एक विचार आहे. वीस जणांनी वेगवेगळी पाकिटे देण्यापेक्षा एकत्र रक्कम काढून लग्नघराचा एखादा खर्च उचलता येईल का? थेट पैसे दिले तर वधूपिता नाकारतील, हे उघड आहे.

बकुळी

रक्कम देऊ नका, काम उचला. तिठा यांनी कणकवली स्थानकाचा उल्लेख केला आहे. लग्नाच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचा एक दिवस वेगवेगळ्या गाड्यांनी पाहुणे उतरत असतात, रात्री-बेरात्री येतात, आणि त्यांना आणायला प्रत्येक वेळी घरातला एक माणूस गाडी घेऊन जातो. नवरीचा भाऊ किंवा चुलतभाऊ त्यातच दमून जातो आणि बहिणीच्या लग्नात मुहूर्ताला डोळे मिटत उभा असतो. दोन गाड्या चालकांसह त्या दिवसांसाठी ठरवा आणि यजमानांना सांगा की, स्थानकावरची ने-आण आमच्याकडे. चालकांच्या जेवणाची आणि झोपण्याची सोयही आपणच पाहावी. याला आहेर म्हणून कोणी परत करू शकत नाही.

माजघर

त्यावर थोडे. नवरीच्या आईसाठी मात्र स्वतंत्र काहीतरी न्यावे, मग ती साधी सुती साडी का असेना. मुलीच्या लग्नात सगळे आहेर मुलीला आणि जावयाला जातात. विहिणीला मानाची साडी जाते, करवल्यांना जाते. मुलीची आई सकाळपासून उपाशी राबत असते. ती साडी तिच्या हातात पाठवणीनंतर द्यावी, त्या वेळी घर रिकामे झालेले असते. आणि तुमच्यापैकी दोघी-तिघींनी त्या रात्री तिच्यापाशीच राहावे. सुरंगी कुडाळला गेलेली असेल, म्हणून हे बाकीच्यांना सांगते आहे.

सुरंगी (धागाकर्ती)

आपल्या सर्वांच्या सांगण्यावरून आम्ही काल रात्री गटात बसून असे ठरवले आहे. मी आणि आणखी दोन मैत्रिणी चुड्याच्या दिवशी सकाळीच पोहोचणार आणि शेजारच्या घरात राहणार. आमचे तीन मित्रही त्याच दिवशी येतील. वाढप, पाण्याची पिंपे आणि स्थानकावरच्या दोन गाड्या हे त्यांनी स्वतःहून मागून घेतले. कुटुंबे हळदीच्या दिवशी दुपारी येतील आणि तोंडवळीला उतरतील. माझ्या यजमानांनी आईला आणि मुलीला घेऊन तिथे राहण्याचे आनंदाने मान्य केले आहे, आणि मी कुडाळहून परतेपर्यंत कोणत्या दोन कुटुंबांनी त्यांच्या सोबतीला राहायचे, तेही नक्की झाले. ज्यांना तारकर्लीला जायचे आहे ते पाठवणीच्या दुसऱ्या दिवशी जातील. माझ्या आईने मात्र आमचे काही ऐकले नाही. तोंडवळीला न राहता ती पाठवणीच्या रात्री मैत्रिणीच्या आईजवळ झोपणार आहे. दोघींचे फोनवर बोलणेही झाले.

मंगलाष्टकाचे पुढचे तीन चरण झाले की इथे देईन; गणमात्रा, आपण ते तपासून द्यावे.

गणमात्रा

जरूर पाठवावे. चरण लिहिताना प्रत्येक अक्षराखाली लघू-गुरूची खूण करून पाठवल्यास तपासणे सोपे जाईल. आडनावे वृत्तात बसवण्याचा प्रयत्न करू नये, नावे पुरेशी आहेत.

पाणंद

ठरले ते उत्तम ठरले. जाता जाता पावसाचे सांगून ठेवतो. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत दाखल झाला. त्याच्या आधीही मेमध्ये वळवाच्या सरींनी लग्नांचे मांडव भिजले होते. आपली तारीख दुसऱ्या आठवड्यातली असली तरी झावळ्यांच्या माटवावर, म्हणजे मांडवावर, ताडपत्री टाकण्याबद्दल त्यांच्या काकांशी आधी बोलून घ्यावे. ताडपत्री भाड्याने कणकवलीत मिळते, आणि स्थानकावर येणाऱ्या आपल्या गाडीतूनच ती आणता येईल. खळ्यात पाणी साचू नये म्हणून मांडवाच्या कडेने चर खणायचा असतो. जांभ्याच्या कठीण जमिनीत ते एका माणसाचे काम नव्हे, तेव्हा आपल्या तिन्ही मित्रांनी पोहोचताच आधी फावडे आणि पहार मागावी.